हात न लावता तुटलेले बोल्ट

१

सोनपिंपरीच्या पंपहाउसात नरसिंग सापडला तेव्हा आत गुडघाभर पाणी साचलं होतं आणि मोटार अजून घरघरत होती. सकाळी नळाला पाणी आलं नाही म्हणून गावातली चार माणसं चौकशीला आली, तर दारातूनच पाण्याचा लोंढा बाहेर येत होता. व्हॉल्व्हचं बिडाचं जड झाकण उडून नरसिंगच्या छातीवर बसलं होतं. वीस वर्षं ज्या माणसानं गोदावरीचं पाणी सात गावांना चढवलं, तो त्याच पाण्यात उताणा पडला होता.

झाकण आठ बोल्टांनी आवळलेलं होतं. ते बोल्ट शेवटचे कुणी कसले, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं: लातूरच्या वाजिद फिटरनं. दसऱ्याच्या आधी वाजिद आणि नरसिंग यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही सगळ्यांसमोर. व्हॉल्व्ह उघडा टाकून वाजिद बहिणीच्या मंगनीला निघाला म्हणून नरसिंगनं त्याला चार शब्द सुनावले होते, आणि वाजिदही तोंड आवरू न शकणाऱ्यांपैकी. "एक दिवस हेच झाकण तुझ्या उरावर घालीन," असं तो म्हणाला होता. रागात माणूस काहीही बोलतो, पण बोलल्यासारखंच घडलं की ते विसरायला कुणी तयार नसतं. दिवाळी तोंडावर आलेली असताना पोलिसांनी त्याला लातूरहून उचलून आणलं.

फौजदार होता आनंदराज भद्रे. पोरगा हुशार, पण घाई फार. तुटलेल्या बोल्टांची पिशवी घेऊन तो नांदेडला आपल्या मामेबहिणीकडे आला. ही मामेबहीण म्हणजे धम्मप्रिया नरवाडे, इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही न करण्याबद्दल कॉलेजभर बदनाम.

"ताई, दोन ओळी लिहून द्या फक्त," आनंदराज म्हणाला. "बोल्ट जादा कसल्यामुळं तुटले, एवढंच. बाकी माझ्याकडं सगळं हाय."

धम्मप्रियानं पिशवी टेबलावर उपडी केली. दोन ओळींनी एका माणसाचा जन्म तुरुंगात जाणार होता, आणि तिनं अजून एक बोल्टही हातात घेतला नव्हता. त्याला तिनं चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

२

जादा कसलेला बोल्ट तुटण्याआधी ताणतो. त्याची मान बारीक होते, आटे लांबतात, पीळ पडल्याची खूण राहते. धम्मप्रियानं एकेक तुकडा भिंगाखाली धरला. मान कुठंच बारीक झाली नव्हती. बोल्ट खडूसारखे तुटले होते.

हे साधे लोखंडी बोल्ट नव्हते. इथलं पाणी लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही, म्हणून पाणीपुरवठ्याच्या लोकांनी निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे, शिवाय कडक केलेले महागडे बोल्ट आणवले होते. गंजायचं त्यांना माहीतच नसतं. मग असा धातू खडूसारखा का तुटावा? तुटलेल्या तोंडाचा मधला भाग करडा आणि ओढून फाटल्यासारखा होता, जसा असायला हवा तसा. मात्र कडेनं गोल एक पट्टा होता, आणि त्यात खडीसाखरेसारखे कण सुटे सुटे चमकत होते.

ती खुर्चीत मागं टेकली. असा पट्टा तिनं पूर्वीही पाहिला होता, फक्त माणूस मेलेल्या प्रकरणात नव्हे. धातू बाहेरून सलग दिसला तरी आत कणाला कण लागून बनलेला असतो, भिंतीत विटा असतात तसा. हायड्रोजन हा वायू इतका बारीक की तो धातूच्या अंगात शिरतो आणि त्या सांध्यांमध्ये जाऊन बसतो. सांधे पोकळ होतात. मग बोल्टावर नेहमीचाच ताण असला तरी एक चीर पडते, हळूहळू आत सरकते, आणि एक दिवस कुणी हात न लावता बोल्ट तुटतो. ज्या दिवशी वायू आत गेला त्या दिवशी काहीच दिसत नाही. म्हणजे नरसिंग मेला त्या सकाळी कोण कुठं होतं, हे विचारण्यात अर्थच नव्हता. खरा प्रकार त्याच्या बराच आधी होऊन गेला होता.

पण वायू आत आला कुठून? निकेलमध्ये हायड्रोजन शिरायची दारं तिला पाठ होती. वर विजेनं मुलामा चढवताना शिरतो. ओलसर कांडीनं वेल्डिंग केलं तर शिरतो. पाण्याखालचं लोखंड गंजू नये म्हणून जवळ जस्ताचे ठोकळे बांधतात, त्यानंही शिरतो. आणि ॲसिडात बुडवलं तर शिरतो. यातलं एक दार कुणीतरी उघडलं होतं, मुद्दाम किंवा नकळत.

बोल्टांच्या माथ्यावर कंपनीची अक्षरं खोदलेली होती आणि त्या खाचांत बारीक लाल ठिपके होते. झाकणाचा गंज लागला असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. ही तिची चूक होती, आणि ती तिला दोन दिवस महागात पडली.

शेवटी तिनं लोहचुंबक आणलं. हे बोल्ट चुंबकाला चिकटत नाहीत, निव्वळ खात्री म्हणून ती एकेकावरून ते फिरवत गेली. सात तुकडे जागचे हलले नाहीत. आठवा खट्कन चिकटला. तो वाकला होता, आटे सोलून नटातून निसटला होता, पण तुटला नव्हता. वर ग्रीस फासलेलं असल्यानं रंग कळत नव्हता. तो निकेलचा नव्हताच. तो साधा लोखंडी बोल्ट होता.

३

कोठडीत वाजिद भिंतीला टेकून बसला होता. तिशीतला सडपातळ गडी, नखांत अजून काळं तेल. धम्मप्रियाला पाहून तो उठला आणि आधी बहिणीबद्दलच बोलला. मंगनी झालेली मनतशा, तिच्या सासरचे आता निरोपच देत नव्हते. भाऊ खुनी ठरला तर ते घर तिला नाकारणार, हे त्याला न सांगताही कळत होतं.

धम्मप्रियानं त्याला काम पहिल्यापासून सांगायला लावलं. दसऱ्याआधी त्यानं व्हॉल्व्हचं झाकण काढलं, आतलं पॅकिंग खराब होतं. नवं पॅकिंग लातूरहून यायचं होतं, सणाची सुट्टी लागली होती, दुसऱ्या पंपावर पाणी चालणार होतं. बोल्ट नरसिंगच्या हवाली करून तो मंगनीला गेला. दसरा झाल्यावर आला, झाकण बसवलं, बोल्ट आवळले. कंपनीनं ठरवलेल्या ताणाला टक्कन वाजणारा पाना त्याच्याकडं होता, त्यानंच आवळले. मग पुन्हा लातूर.

"परत आलास तेव्हा बोल्टांत काही वेगळं दिसलं?" तिनं विचारलं.

वाजिदनं आठवून सांगितलं. "चमकून राहिले होते मॅडम. पहिलं मळकट होते, तेव्हा एकदम नव्यावानी. मला वाटलं नरसिंगमामानं पुसून ठेवले. भांडण झालं होतं ना, म्हणून मला लई बरं वाटलं ते. माणूस रुसला असता तर पुसून ठेवले असते का?"

त्याचे डोळे भरून आले आणि तो दुसरीकडं पाहू लागला. धम्मप्रियानं पर्समधून लोखंडी बोल्ट काढून गजांतून आत दिला आणि हा कधी लावलास, असं विचारलं.

वाजिदनं तो हातात फिरवून पाहिला आणि तसाच परत केला. "ह्यो माझा न्हाई. मी गेलो तेव्हा आठीच्या आठी पांढरे होते. असा मिसळीचा माल मी सायकललाबी लावत न्हाई."

म्हणजे वाजिद गेल्यानंतर आणि नरसिंग मरण्यापूर्वी कुणीतरी एक बोल्ट बदलला होता. धडधाकट बोल्ट कुणी उगाच बदलत नाही.

४

लोहा, अहमदपूर करत ती लातूरला गेली ती अण्णारावांना गाठायला. गंजगोलाईत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. हे बोल्ट त्यांनीच पुरवले होते. माल खोटा असेल, वर नुसता निकेलचा मुलामा असेल, तर तिथंच निकाल लागणार होता.

अण्णाराव आधी भडकले. तीस वर्षांची पेढी, मालात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, वगैरे सगळं ऐकवून झालं. मग स्वतःच त्या पेटीतले उरलेले बोल्ट काढून तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, कापा, जाळा, काय करायचं ते करा. तिनं कानशीनं एक घासून पाहिला. आत-बाहेर एकच रंग. मुलामा नव्हता. एक दार बंद झालं. वेल्डिंगचा प्रश्न नव्हता, आणि त्या व्हॉल्व्हजवळ जस्ताचे ठोकळे कधी लावलेच नव्हते. उरलं ॲसिड. पण पंपहाउसात बोल्ट ॲसिडात कोण कशाला बुडवील?

अण्णाराव बोल्ट कागदात बांधत होते आणि ती त्यांच्या मोठ्या वजनकाट्याकडं नुसती पाहत उभी होती. काट्याच्या दांडीवर सुकलेली लाल-पिवळी बोटं उमटलेली होती. शटरच्या कुलपावर तशीच. पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याला एक.

"हे काय हो?"

"खंडेनवमीचं की," अण्णाराव म्हणाले. "वर्षाचं अन्न देणारी हत्यारं. घासूनपुसून पुजायला नको?"

धम्मप्रियाच्या घरी त्या दिवसांत वेगळीच धांदल असते. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, भाकरी बांधून घ्यायच्या, जागा धरायला आधी निघायचं. खंडेनवमीला गावोगाव विळे, पाने, इंजिनं लख्ख करून मांडतात हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. तिनं पर्समधला तुटका माथा काढला आणि टाचणीनं अक्षरांतला लाल ठिपका उकरून बोटावर घेतला. ही धातुशास्त्राची बाई दोन दिवस कुंकवाला गंज समजत होती.

मग तिनं लोखंडी बोल्ट काढला. ग्रीस पुसून माथा निरखला. त्यावर कुंकवाचा कणही नव्हता.

५

पंपहाउसचे सुपरवायझर बसवराज उदगीरकडचे. बोलणं गोड, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की'. त्यांनी खुर्ची पुसून दिली. पूजा झाली होती की. नरसिंगच करायचा दरवर्षी. यंदा व्हॉल्व्ह उघडाच होता म्हणून बोल्टही ताम्हणात मांडले होते. घासले कुणी? ते नरसिंगनं घरी नेले होते, पुढचं माहीत नाही. ॲसिडचं विचारताच त्यांनी कानावर हात ठेवले.

धम्मप्रियानं दुसरा पंप पाहायचा हट्ट धरला. त्याची खोली बंद होती आणि किल्ली बसवराजांच्या करगोट्याला. खोली उघडताना किल्ली कुलपात दोनदा अडकली, सोबत आलेला आनंदराज शांतपणे बघत उभा होता. दुसऱ्या पंपाच्या व्हॉल्व्हला लोखंडी बोल्ट होते, सगळे ग्रीस फासलेले. एक भोक रिकामं होतं आणि त्याच्या कडेला पान्याचा ताजा ओरखडा होता.

तिनं पर्समधला बोल्ट काढून त्या भोकात सोडला. जराशी वाकलेली मान आडवी आली, पण माप तेच होतं.

"हा बोल्ट पूजेत नव्हता," ती म्हणाली, "त्यावर कुंकू नाही. वाजिदनं आवळलेल्यांतही नव्हता. तो त्यानंतर इथून तिथं गेला. किल्ली तुमच्याकडं. बसवराज, आधीचा बोल्ट कुठाय?"

कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही. बसवराज मोटारीच्या चौथऱ्यावर बसले आणि सांगू लागले. नरसिंग मरायच्या आधी एका सकाळी एक बोल्ट तुटून खाली पडलेला दिसला. दिसला तो नरसिंगलाच. तो धावत सांगायला आला, पंप बंद ठेवू म्हणाला. पण दुसऱ्या पंपाची मोटार तेव्हा जळालेली, दिवाळी आलेली, सात गावांचे फोन. पाणी तोडलं असतं तर वरच्या साहेबांनी त्यांनाच झाडलं असतं. त्यांनी स्वतः इथला बोल्ट काढून तिथं लावला आणि नरसिंगला गप्प राहायला सांगितलं. तुटलेला तुकडा नदीत टाकला.

"आणि तो मेल्यावरही गप्प राहिलात," आनंदराज म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

बसवराजांनी मान वर केली. आता त्यांच्या बोलण्यातला गोडवा गेला होता. "चुकलं माझं. पण बोल्ट मी तोडला न्हाई की. वाजिदनं जादा आवळला म्हणूनच पहिला तुटला, म्हणूनच बाकीचे तुटले. न्हाई म्हणता तर करून दाखवा सिद्ध."

आनंदराजनं ताईकडं पाहिलं. गप्प राहिल्याचा गुन्हा बसवराजांचा होता, पण तेवढ्यानं वाजिद सुटत नव्हता.

६

नरसिंगचं घर पंपहाउसाच्या मागं, हाकेच्या अंतरावर. पार्वतीबाई ओसरीवर बसल्या होत्या, भोवती दोन शेजारणी. गेले काही दिवस रोज पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी वाजिदला शिव्याशाप दिले होते, त्याच्या पाळण्यातल्या लेकरापर्यंत पोचले होते. धम्मप्रिया कोण हे कळल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि त्याला फाशी होईल ना, एवढंच विचारलं.

धम्मप्रियाची नजर अंगणात गेली. तिथं झेंडूचं रोप जुन्या बादलीत लावलेलं होतं. बादली जस्ताची, पण जस्त म्हणून उरलं नव्हतं. आतून पार काळी, खरबरीत, आणि तळाला गंजून भोकं पडलेली. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिनं विचारलं, की बादली इतकी कशानं खराब झाली.

"तेजाबानं," पार्वतीबाई म्हणाल्या. "खंडेनवमीच्या दोन दिस आधी मालक बोल्ट घेऊन आले. म्हणले, औंदा हे पुजायचेत, महाग हायेत, लख्ख कर. चिंचेनं निघंना. मग मोरीचं तेजाब घातलं दोन झाकणं, वर पाणी, आन बोल्ट सोडले आत. लई फसफसत होतं. रात्रभर राहू दिले, दुसऱ्या दिशीबी. काढले तर चांदीवानी. मालक हसले. म्हणले, पारू, देव खूश हुईल."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं, आणि लगेच त्या रडू लागल्या. शेजारणींनी पदर तोंडाला लावला. धम्मप्रिया उठली आणि आनंदराजच्या गाडीत येऊन बसली.

आनंदराजला तिनं वाटेत समजावलं. शाळेत जस्तावर ॲसिड टाकून हायड्रोजन काढतात, जळती काडी नेली की फट्ट वाजतो, तोच हा वायू. निकेलचा बोल्ट नुसत्या पातळ ॲसिडात फारसा बिघडत नाही. पण त्याला जस्त टेकलं की विरघळतं जस्त आणि वायू उठतो निकेलच्या अंगावर. बराचसा बुडबुडे होऊन जातो, थोडा आत शिरतो. आणि कडक केलेला निकेल त्या थोड्यानंही नासतो. पंपहाउसामागच्या त्या बाईनं नवऱ्याच्या हौसेखातर बोल्टात मरण भिजत घातलं होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

"हे तिला सांगायलाच लागंल का ताई?" आनंदराजनं विचारलं.

"न सांगता वाजिद सुटतोय का?" ती म्हणाली. तो सुटत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पद्धत जुनी आहे, पण इथं चोर कोण, हेच तिच्या जिभेवर येईना. रस्ताभर तिला पार्वतीबाईंच्या त्या क्षणभर उजळलेल्या चेहऱ्याचा त्रास होत राहिला.

७

तिनं अण्णारावांच्या पेटीतले तीन बोल्ट घेतले. एक बाजारातून आणलेल्या नव्या जस्ती बादलीत, त्याच मापाच्या तेजाबात सोडला. दुसरा तेवढ्याच तेजाबात, पण प्लास्टिकच्या टबात. तिसऱ्याला काहीच केलं नाही. मग तिन्ही वाजिदच्याच पान्यानं, त्याच ताणाला, जाड पोलादी पट्ट्यांमध्ये आवळून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले आणि खोलीला कुलूप लावून आनंदराजच्या शिपायाला बाहेर बसवलं.

दिवस गेले, काही झालं नाही. दिवाळी आली आणि गेली. लातूरहून वाजिदची बायको रोज फोन करून मॅडम काय झालं विचारायची, आणि बसवराजांचा वकील आनंदराजला विचारायचा की बाईंची जादू कधी चालणार. धम्मप्रियालाही शंका येऊ लागली. कुंकू, बादली, खडीसाखरेसारखा पट्टा, सगळं जुळत होतं, पण जुळलेलं सगळं खरं असतंच असं नाही. तिच्या हट्टापायी पोरगा कोठडीत सडत असेल तर?

मग एका दुपारी, सगळे चहाला गेलेले असताना, बाहेरच्या शिपायाला आत टाळी वाजल्यासारखा आवाज आला. कुलूप उघडलं तेव्हा बादलीतल्या बोल्टाचा माथा टेबलाखाली पडला होता. खोलीत कुणी नव्हतं. उरलेले दोन बोल्ट जागच्या जागी घट्ट होते.

धम्मप्रियानं माथा भिंगाखाली धरला. कडेनं तोच चमकता पट्टा होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. आता सोनपिंपरीला जाणं टळत नव्हतं.

८

पार्वतीबाईंना ठाण्यात बोलवायचं नाही, आपणच जायचं, असं तिनं ठरवलं. ओसरीवर तिघंच होते. आनंदराजनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. धम्मप्रियानं काही लपवलं नाही. वायू, जस्त, बोल्टाचे आतले सांधे, प्रयोगशाळेतला बोल्ट, पहिला तुटलेला बोल्ट आणि बसवराजांनी नदीत टाकलेला तुकडा, सगळं सांगितलं, अवघड शब्द टाळत, मधेमधे थांबत. पार्वतीबाई जमिनीकडं पाहून ऐकत होत्या.

सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी मीच मारलं मालकाला."

नाही, असं म्हणणं सोपं होतं, आणि आनंदराजचा चेहरा तेच म्हणा म्हणून विनवत होता. पण समोरच्या बाईला खोटं सांगून भागणार नाही हे धम्मप्रियाला दिसलं. "तुमच्या बादलीनं बोल्ट कच्चे झाले, मावशी. ते खरंय. ते कुणालाच माहीत नव्हतं, मला शिकायला पंधरा वर्षं लागली. पण पहिला तुटला तो नरसिंगमामांनी पाहिला होता. पंप बंद करा म्हणून त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं असतं तर ते आज असते. हेही तेवढंच खरं."

"बंद करा म्हणले होते?"

"हो."

पार्वतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हुंदका आला नाही. "मला बोलले न्हाईत. दोन दिस जेवले न्हाईत नीट. म्या म्हणलं सणाचं टेन्शन हाय." त्यांनी डोळे पुसले. "त्या वाजिदला म्या काय काय बोलले. त्याच्या लेकरालाबी बोलले."

आनंदराज पुढं सरकला. वाजिद आज संध्याकाळपर्यंत सुटेल, त्यासाठी फक्त एक जबाब लागेल, असं तो म्हणाला. आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाला, की जबाबात 'घरातील कोणीतरी' एवढंच लिहू. नाव नको. बाईमाणूस, त्यात विधवा, गाव कसं असतं ते मावशींना माहीतच. कुणाला कळायची गरज नाही.

पार्वतीबाईंनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. त्या माणसानं गावाच्या सांगण्यावरून एका पोराला कोठडीत ठेवलं होतं, आणि आता त्यांच्यावर दया करत होता.

"कोणीतरी न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या वाजिदचं नाव लिवताना तुमचा हात अडला न्हाई. मग माझं लिवायला का अडून राहिलाय? लिवा. पार्वतीबाई नरसिंग."

आनंदराजनं पेन उघडलं आणि खाली मान घालून आडनाव विचारलं.